लिनक्स कर्नलमध्ये हार्डवेअरचा पॅच घालताना: नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबड-सातपूरचे छोटे इलेक्ट्रॉनिक्सवाले, सिन्नरचे एक-दोन पॅनेलवाले आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली पोरं, सगळे फिरून फिरून हेच विचारतात. दर वेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. मी द्राक्षबागेत उभ्या राहणाऱ्या हवामान केंद्रांचे बोर्ड बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात आहे. माझे मोजके पॅच (कोडमधले बदल) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, गेलेत, परत आलेले त्याहून जास्त. तेव्हा एका टेबलावर, दोन-चार बोर्डांवर काम करणाऱ्या माणसाचा अनुभव म्हणूनच हे वाचा.

बोर्ड चिप कंपनीच्या कर्नलवर मस्त चालतोय. मग मेनलाइनचा, म्हणजे सगळ्यांच्या मूळ कर्नलमध्ये कोड घालायचा, खटाटोप कशाला?

आज चालतोय. चिप कंपनी देते तो कर्नल बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या आवृत्तीवर हजारो बदल चढवून केलेला असतो. चिप जुनी झाली की त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तुमचा ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा कोड) त्यात अडकला की सुरक्षेची साधी दुरुस्ती घ्यायची तरी दोन आठवडे मोडतात.

कर्नलच्या आतले इंटरफेस कायम राहतील अशी हमी लिनक्स मुद्दामच देत नाही. आज तीन आर्ग्युमेंट घेणारं फंक्शन पुढच्या आवृत्तीत दोनच घेईल. पण तुमचा ड्रायव्हर मेनलाइनमध्ये असेल, तर हा बदल करणाऱ्यालाच तुमची फाइलही सुधारावी लागते. बाहेर असेल तर ते काम तुमच्या डोक्यावर, दर आवृत्तीला.

बागेतलं केंद्र सात-आठ वर्षं तरी उभं राहील असं धरूनच शेतकरी पैसे मोजतो. एलटीएस, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळणाऱ्या, कर्नलला सुरुवातीला साधारण दोन वर्षांची मुदत जाहीर होते, काही मालिकांना पुढे वाढवून मिळते. उरलेल्या वर्षांचं काय करायचं ते आधीच ठरवा.

मालक म्हणतात, आपला कोड जगाला फुकट का वाटायचा?

कर्नल जीपीएल आवृत्ती २ या मुक्त परवान्याखाली आहे. कर्नल घातलेला डबा विकला की गिऱ्हाईकाला त्या कर्नलचा सोर्स मागायचा हक्क मिळतोच, म्हणजे ड्रायव्हर तसाही झाकून ठेवता येत नाही. आमच्या मालकांना मी एवढंच दाखवलं की डाऊनी आणि भुरी या द्राक्षरोगांचा अंदाज काढणारं आपलं गणित युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये आहे. ते कोणी मागत नाहीये. कर्नलमध्ये जातंय ते फक्त 'या पिनवर ही चिप आहे आणि तिच्याशी असं बोलायचं' इतकंच. दोन चहा झाले, मग पटलं.

कुणाची ओळख लागते का?

नाही. कर्नलच्या सोर्समध्ये 'मेन्टेनर्स' नावाची मोठी फाइल आहे, कुठला भाग कोण सांभाळतं ते त्यात लिहिलेलं असतं. 'गेट-मेन्टेनर' स्क्रिप्टला तुमचा पॅच दिला की कोणाला आणि कुठल्या मेल-यादीला पाठवायचा ते ती छापून देते. ती देईल ती सगळी नावं ठेवा. थेट लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सना पाठवायच्या भानगडीत पडू नका.

सुरुवात करायला सगळ्यात छोटा पॅच कोणता?

यूएसबी आयडीचा. समजा तुमच्याकडे यूएसबीला लावायचा आरएस-४८५ चा (लांब तारेवरून सिरियल डेटा नेणाऱ्या पद्धतीचा) कन्व्हर्टर आहे. आत ओळखीचीच चिप आहे, पण बनवणाऱ्याने आपला वेगळा उत्पादन क्रमांक टाकलाय, म्हणून लिनक्स त्याला ओळखत नाही. 'एलएसयूएसबी' कमांड चालवून व्हेंडर आणि प्रॉडक्टचे चार-चार हेक्स अंक बघा. मग कोड न बदलता आधी खात्री करून घ्या: ड्रायव्हर लोड करा, सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) त्या ड्रायव्हरच्या फोल्डरात 'न्यू-आयडी' नावाची फाइल असते, तिच्यात हे दोन आकडे लिहा. पोर्ट उगवला आणि डेटा आला-गेला, की पॅच म्हणजे ड्रायव्हरमधल्या आयडींच्या टेबलमध्ये एक ओळ.

४जी मोडेम असेल तर मात्र सांभाळून. त्याच्यात एकाच यूएसबीवर पाच-सहा इंटरफेस असतात: एक एटी कमांडचा, एक डायग्नोस्टिकचा, एक नेटवर्कचा, कधी एडीबीचाही (अँड्रॉइडच्या डीबगचा). 'ऑप्शन' नावाच्या मोडेमच्या सिरियल ड्रायव्हरला नुसता आयडी दिला की तो नेटवर्कचा इंटरफेसही बळकावून बसतो आणि खरा नेटवर्क ड्रायव्हर उपाशी राहतो. म्हणून कुठले इंटरफेस सोडायचे ते त्याच ओळीत सांगावं लागतं, आणि 'यूएसबी-डिव्हायसेस' कमांडचं आउटपुट कमिट संदेशात (पॅचसोबतच्या वर्णनात) जसंच्या तसं चिकटवावं लागतं. मेन्टेनर त्यावरूनच ताडून बघतो. त्याच्याकडे तुमचा मोडेम नाही, हे हा पॅच करतानाच डोक्यात बसवून घ्या. पुढच्या सगळ्या प्रश्नांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

अख्ख्या नवीन बोर्डासाठी काय लागतं?

बोर्ड एआरएमचा आणि एसओसी (त्यावरची मुख्य चिप) आधीच मेनलाइनमध्ये असेल, तर बहुतेक काम डिव्हाइस ट्रीचं, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनाचं. क्रम असा: तुमच्या कंपनीचा प्रीफिक्स यादीत नसेल तर तो घालणारा पॅच, मग बाइंडिंगचा (ते वर्णन कसं लिहायचं याच्या नियमांचा) पॅच, मग बोर्डाची डीटीएस फाइल. तिन्ही वेगवेगळे, पण एकाच मालिकेत. ड्रायव्हरही नवा असेल तर बाइंडिंग त्याच्या आधी येते.

बाइंडिंग यामल फॉरमॅटमध्ये लिहितात आणि तिच्यात हार्डवेअरचं वर्णन असतं. आपला ड्रायव्हर कसा वागावा हे तिथे लिहायचं नाही. माझी पहिली बाइंडिंग नेमकी इथेच परत आली. 'दर दहा सेकंदांनी वाच' असा एक गुणधर्म मी घुसवला होता. उत्तर आलं, दहा सेकंद हे चिपमध्ये कुठे आहेत? खरंच, कुठेच नव्हते. ते आमच्या मालकांच्या डोक्यात होते.

पाठवायच्या आधी 'डीटी-बाइंडिंग-चेक' आणि 'डीटीबीएस-चेक' हे दोन्ही मेक टार्गेट चालवा. न चालवता पाठवलं तर तपासणारा बॉट काही वेळात सगळ्यांसमोर तुमच्या चुका वाचून दाखवतो.

माझं इंग्रजी यथातथाच आहे. कमिट संदेश कसा लिहू?

छोटी वाक्यं लिहा. कर्नलमध्ये जगभरचे लोक लिहितात आणि बहुतेकांचं इंग्रजी तुमच्या-माझ्यासारखंच. भाषेपेक्षा मजकुराचे वांधे जास्त असतात. 'ड्रायव्हर सुधारला' या संदेशाने कोणालाच काही कळत नाही. काय बिघडत होतं, कुठल्या बोर्डावर, का बिघडत होतं, आणि हा बदल त्यावर उपाय कसा, ही चार वाक्यं आली की पुरे. कुठल्या जुन्या कमिटमुळे बिघाड झाला ते सापडलं असेल तर 'फिक्सेस' टॅगमध्ये त्या कमिटच्या हॅशचे पहिले १२ अंक आणि त्याचा विषय लिहा.

विषयाच्या ओळीची सुरुवात कशी करायची, हे त्या फाइलचा 'गिट लॉग' बघून ठरवा. आधीचे लोक जसं लिहितात तसंच.

पॅचखालची 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ म्हणजे नुसती सही का?

सहीच, पण कायद्याच्या वजनाची. हा कोड मी लिहिलाय किंवा मला तो या परवान्याखाली द्यायचा हक्क आहे, असं तुम्ही लिहून देता. २००४ मध्ये, कोडच्या मालकीवरून कोर्टकज्जे चालू असताना, ही पद्धत आली. निनावी चालत नाही. नोकरीत असाल तर आधी मालकांना विचारा, तोंडी नको, मेलवर. आणि चिप कंपनीच्या कर्नलमधून उचललेल्या कोडवर मूळ लेखकाची सही तशीच ठेवून खाली आपली जोडा. ती पुसणं म्हणजे चोरी, आणि गिटमध्ये ती कायम दिसत राहते.

कोड लिहायला एआयची मदत घेतली तरी सही माणसाचीच लागते. मेन्टेनरने 'हे लॉक इथे का?' विचारलं आणि तुम्हाला सांगता आलं नाही, तर तो पॅच तिथेच संपला.

पाठवायचा कसा? पुल रिक्वेस्टचं बटण कुठे आहे?

बटण नाही. ईमेल. 'गिट फॉरमॅट-पॅच'ने पॅच काढा, 'चेकपॅच' या तपासणाऱ्या स्क्रिप्टमधून गाळा, 'गिट सेंड-ईमेल'ने पाठवा. साधा मजकूर, एचटीएमएल नको, जोडपत्र नको. जीमेलच्या वेब पानात पॅच चिकटवाल तर टॅबची स्पेस होते आणि पॅच लागतच नाही. कंपनीच्या मेलखाली आपोआप 'हा मजकूर गोपनीय आहे' अशी शेपटी लागत असेल, तर तो पत्ता वापरू नका. जगजाहीर यादीवर गोपनीय मजकूर कोण घेणार?

ऑफिसच्या नेटवर्कवर मेल सर्व्हर बंद असेल तर 'बी४' हे साधन बघा. त्यातून वेबमार्गे पाठवता येतं, आणि मालिकेच्या आवृत्त्या, कोणाला पाठवायचं, कोणी काय टॅग दिला, हेही ते सांभाळतं. पहिल्यांदा स्वतःलाच पाठवा आणि आलेला पॅच स्वच्छ झाडावर (कर्नल सोर्सच्या कोऱ्या प्रतीवर) लावून बघा. या एका सवयीने माझी लाज तीनदा वाचलीय.

'टेस्ट केलं' म्हणजे नेमकं काय केलं पाहिजे?

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण मी इथेच तोंडघशी पडलोय.

आमच्या बोर्डावर आरएस-४८५ चा पोर्ट आहे. एकाच जोडतारेवर पाठवायचंही आणि ऐकायचंही, म्हणून ट्रान्सीव्हरची दिशा एका पिनने बदलावी लागते: बोलताना वर, बोलून झालं की खाली. त्या चिपच्या सिरियल ड्रायव्हरला ही दिशा बदलायची सोय मी लिहिली. टेबलावर सेन्सर लावला, ११५२०० च्या वेगावर रात्रभर चालवला, एकही चूक नाही. पॅचमध्ये लिहिलं, टेस्ट केलंय.

मेन्टेनरचा एका ओळीचा प्रश्न आला: कुठकुठल्या बॉड रेटवर?

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला. त्याच आठवड्यात पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका बागेत केंद्र उभं केलं. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली, शेतकऱ्याला पान ओलं राहण्याचे तास मोजायचे होते. लांब केबल, म्हणून सेन्सर ९६०० वर. एकही उत्तर येईना. केबल बदलली, टोकाचा रेझिस्टर बदलला, सेन्सर बदलला. शेतकरीदादा वेलींच्या ओळीत उभे राहून बघतायत आणि मी उगाच स्क्रू पिळतोय.

शेवटी अंबडमधल्या एका मित्राचा स्कोप उसना आणला. पडद्यावर स्वच्छ दिसलं: शेवटची बाइट अर्ध्यात असतानाच दिशेची पिन खाली येत होती. मॉडबस संदेशाच्या सीआरसीचा (चूक तपासायच्या आकड्याचा) शेवटचा भाग तुटत होता, त्यामुळे सेन्सर विनंती फेकून देत होता आणि गप्प बसत होता. मी फिफो (पाठवायच्या बाइटची रांग) रिकामा झाल्याचा इंटरप्ट धरला होता. पण फिफो रिकामा झाला तरी शेवटची बाइट अजून शिफ्ट रजिस्टरमधून बाहेर पडत असते. ९६०० ला एक बाइट जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो, ११५२०० ला ८७ मायक्रोसेकंद. टेबलावरच्या कर्नलमध्ये मी डीबगचे सगळे पर्याय चालू ठेवले होते, त्याने इंटरप्ट इतका संथ झाला की तेवढ्या वेळात बाइट निघून जायची. म्हणजे काळजी म्हणून चालू ठेवलेल्या डीबगनेच माझी चूक झाकली.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. डीबगचे पर्याय चालू ठेवून एक फेरी: लॉकडेप, केसॅन, केमेमलीक, कारण लॉकची आणि मेमरीची चूक तिथेच सापडते. मग ते सगळे बंद करून, गिऱ्हाईकाकडे जातो तसाच कर्नल घेऊन दुसरी फेरी. वेग कमीत कमी आणि जास्तीत जास्त, दोन्ही. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून आणि कर्नलच्या आत बांधून, दोन्ही. पोर्ट उघडा असताना डिव्हाइस उपटायचं. मॉड्यूल काढून-घालून बघायचं, शंभर वेळा, स्क्रिप्टने. बोर्डाला सस्पेंड असेल तर झोपवून उठवायचं. आणि प्रोब (ड्रायव्हरने चिप शोधून सुरू करणं) फसला तर काय होतं तेही बघायचं: सेन्सरची तार काढून बूट करा. अर्धे ड्रायव्हर यशाच्या वाटेवर नीट असतात आणि अपयशाच्या वाटेवर क्लॉक चालूच सोडून जातात.

व्ही-२ मध्ये, म्हणजे पॅचच्या दुसऱ्या आवृत्तीत, मी बोर्ड, वेग, केबलची लांबी आणि स्कोपवर काय दिसलं ते लिहिलं. पुढचं उत्तर 'रिव्ह्यूड-बाय', म्हणजे 'वाचलं, पटलं' असा टॅग, होतं.

माझ्याकडे एकच बोर्ड आहे. चालेल?

चालेल, पण तसं लिहा. 'फक्त या बोर्डावर तपासलं, बाकीच्यांवर फक्त कंपाइल केलं' हे वाक्य लिहायला कमीपणा नाही. न तपासता तपासलं म्हणणारा एकदा पकडला गेला की त्याचे पुढचे पॅच भिंग लावून वाचले जातात. मित्राने तपासून दिलं असेल तर 'टेस्टेड-बाय' त्याला स्वतःला यादीवर लिहू द्या. त्याच्या नावाने आपण परस्पर टॅग लावू नये.

बोर्डाला सिरियल कन्सोल जोडताना अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच आहे ना ते बघा. ५ व्होल्टवाला लावून मी एक बोर्ड जाळलाय. त्या दिवशी तर एकही नव्हता.

'कर्नल टेस्ट रोबोट'कडून मेल आलाय. घाबरू का?

उलट बरं झालं. इंटेलची ही यंत्रणा यादीवरचे पॅच उचलून ढीगभर आर्किटेक्चर आणि कॉन्फिगवर कंपाइल करते. तुम्ही ३२ बिटवर बघितलेलंच नसतं, ती बघते. मेलमध्ये कॉन्फिग आणि पुन्हा तीच चूक घडवायची कृती असते. दुरुस्त करा आणि पुढची आवृत्ती पाठवा. नव्याने काढलेल्या आवृत्तीत त्यासाठी 'रिपोर्टेड-बाय' लावायची गरज नाही, कारण चूक तुमच्याच पॅचची होती. पॅच आधीच स्वीकारला गेला असेल आणि वेगळी दुरुस्ती पाठवत असाल तर लावा. कर्नलसीआय हा दुसरा प्रकल्प, तो खऱ्या बोर्डांवर कर्नल बूट करून बघतो. क्यूएमू या आभासी मशीनवरही जरूर चालवा, पण दिशेच्या पिनची वेळ क्यूएमूला दिसत नाही.

दोन आठवडे झाले, उत्तरच नाही.

कॅलेंडर बघा. मर्ज विंडो (नवे बदल मेनलाइनमध्ये घ्यायचा काळ) चालू असेल तर मेन्टेनर लिनसकडे माल पाठवण्यात बुडालेला असतो. तसं नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी त्याच धाग्यात एक नम्र आठवण. आठवड्याच्या आत तर मुळीच नाही. त्यालाही उत्तर नसेल तर 'रिसेंड' लिहून पुन्हा पाठवा. हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा त्याच यादीवरचा दुसऱ्या कोणाचा पॅच वाचा, आपल्या हार्डवेअरवर चालवा आणि निकाल कळवा.

मेन्टेनरने चांगलंच झापलंय. आता?

एक रात्र जाऊ द्या. सकाळी वाचलं की बहुतेक वेळा त्यात तीन कामाचे मुद्दे निघतात. प्रत्येक मुद्द्याखाली, त्याच्याच ओळीच्या खाली उत्तर लिहा. वर गोषवारा देऊन खाली सगळी मेल तशीच सोडू नका. पटलं नाही तर कारण द्या, डेटाशीटचं पान सांगा. गप्प राहून मुद्दा गाळलेला व्ही-२ पाठवणं सगळ्यात वाईट. आणि तासाभरात व्ही-२, संध्याकाळी व्ही-३ असा भडिमार नको. काय बदललं ते तीन डॅशच्या रेघेखाली लिहा, म्हणजे ते कमिटमध्ये जात नाही, पण वाचणाऱ्याला दिसतं.

'अप्लाइड' असं उत्तर आलं. मग माझ्या उबुंटूत कधी येईल?

पॅच आधी त्या उपप्रणालीच्या झाडात जातो, तिथून 'लिनक्स-नेक्स्ट'मध्ये. तिथे सगळ्यांचे पॅच एकत्र कंपाइल होतात. नवी आवृत्ती निघाली की दोन आठवड्यांची मर्ज विंडो उघडते, तेव्हा तो लिनसच्या झाडात जातो. मग दर रविवारी आरसी-१, आरसी-२ अशा चाचणी आवृत्त्या काढत आरसी-७ किंवा आरसी-८ पर्यंत, आणि मग आवृत्ती. एक फेरा ९-१० आठवड्यांचा. आरसी-६ नंतर दिलेलं नवीन काम बहुतेक करून पुढच्या फेऱ्याला जातं. उबुंटूसारख्या वितरणात यायला त्याहून वेळ.

यूएसबी आयडीचं मात्र वेगळं. नवा आयडी किंवा छोटी क्वर्क (हार्डवेअरच्या खोडीवरची तोड) आरसीच्या काळातही घेतात आणि स्टेबल मालिकांमध्येही (आधी निघालेल्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्यांमध्ये), मेनलाइनमध्ये गेल्यावर. मोठा पॅच स्टेबलला चालत नाही. मर्यादा आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींची आहे.

ड्रायव्हर घेतला, आणि आता 'मेन्टेनर्स' फाइलमध्ये माझं नाव घाल म्हणतायत. घालू का?

नवा ड्रायव्हर असेल तर ते मागतातच. पगार नाही, पण त्या फाइलला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा पॅच तुमच्या मेलवर येतो आणि तो तुमच्या बोर्डावर चालवून सांगणं तुमच्याकडे लागतं. नोकरी बदलणार असाल तर कंपनीऐवजी स्वतःचा पत्ता द्या. बंद पडलेले पत्ते हे त्या फाइलचं जुनं दुखणं आहे. हार्डवेअर हातात राहिलं नाही तर आपलं नाव काढणारा आणि दर्जा 'ऑर्फन' (पोरका) करणारा पॅच स्वतःच पाठवा, त्यात काही वावगं नाही.

आमचा आरएस-४८५ वाला बोर्ड आता कारखान्यात बनत नाही. एक नग मी घरी फळीवर ठेवलाय, ३.३ व्होल्टच्या अडॅप्टरसकट. मागच्या महिन्यात कोणीतरी त्या ड्रायव्हरमधली टायमरची पद्धत बदलली, तेव्हा तो खाली काढला, धूळ झटकली आणि आधी ९६०० वरच चालवला.